फ्लेक्सवरचे निळे बाबा

बाबा हार्ट अटॅकनं गेले, पण बोरगावात अजूनही लोकं विचारतात की कोणता साप चावला होता. याले कारण मी हाये.

आईची एकच इच्छा होती. माणूस गेल्यावर करतात त्या जलदान विधीले टेबलावर बाबाचा मोठा फोटो पाहिजे अन् त्यात ते जसे होते तसेच दिसले पाहिजे. "मले त्यायले एकडाव नीट पाहू दे," म्हणे. फोटो माह्या मोबाईलमध्ये होता. उघडून पाहतो तं बाबा पिवळे! (कावीळ त्यायले जन्मात झाली नव्हती.) मंग काय, मी बसलो पिवळेपणा काढत. इतका काढला की बाबा एकदम अस्सल दिसाले लागले. पांढुर्ण्याच्या फ्लेक्सवाल्याले पाठवून देल्ला. त्याचा फोन आला, भाऊ, माह्या कम्प्युटरवर जरा निळसर दिसून राहिले. मी म्हटलं, तुमचा कम्प्युटर जुना असन, माह्या मोबाईलमध्ये बरोबर हाये, छापून टाका.

गुंडाळलेला फ्लेक्स बसनं घरी आणला अन् लोकं जमल्यावर उघडला. बाबा निळे! कपड्याच्या निळीत बुचकळून काढल्यावाणी! स्क्रीनवर जे जरासं निळसर होतं, ते शाईत पार गडद उतरलं होतं. ओठ तं जांभळेच.

सौंसरच्या आत्यानं, म्हणजे बाबाच्या बहिणीनं, हंबरडा फोडला, "माह्या भावाले इख देल्लं काय रे कोणी?" मागून कोणीतरी म्हटलं, इख नाही, साप असन. शेवटच्या रांगेत पोहोचेस्तोवर सापाची जातही ठरली होती. मामानं मले कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, झाडफुकीत तं वेळ नाही घालवला ना?

आई मात्र फ्लेक्सकडं पाहून एवढंच म्हणाली, "हे कोण होय?"

मले मेल्याहून मेल्यावाणी झालं.

बहिणीनं माहा मोबाईल हिसकून घेतला. "दादा, डोळ्याले त्रास नको म्हणून तुह्या मोबाईलची पिवळी लाईट चालू हाये. बाबा पिवळे नव्हते, तुही स्क्रीन पिवळी होती." तिनं ती बंद करून मूळ फोटो उघडला. उन्हानं रापलेले, सावळे, हसून राहिलेले आमचे बाबा.

"हं, हेच," आई म्हणाली अन् बाबा गेल्यापासून पहिल्यांदा रडली.

विधी करणारे भन्ते येऊन बसले होते, पुन्हा छापाले वेळ नव्हता. मोबाईलच टेबलावर उभा केला, फुलं वाहिली. पण स्क्रीन घडीघडी विझे! शेवटी मीच टेबलापाशी बसलो अन् विझाले आली की बाबाच्या गालाले बोट लावू लागलो. (एकडाव बोट लागोपाठ दोनदा लागलं अन् फोटो मोठा होऊन भन्त्यापुढं नुसतं बाबाचं नाक आलं!) जितेपणी त्यायच्या गालाले मी कधी हात लावला नव्हता. विधी संपेस्तोवर तसाच बसून राहिलो.

जाताना आत्या डोळे पुसत आईले म्हणाली, "वहिनी, पोरगा लय मायेचा हाये. बापाच्या गालावरचा हात काही सुटेना त्याचा."

मोबाईलच्या सेटिंगमधून स्क्रीन चालूच ठेवता येते, हे बहिणीनं मले दुसऱ्या दिवशी सांगितलं. बरं झालं, आदल्या दिवशी नाही सांगितलं.