मामांची कवळी आणि टोपीबाईचा हात

टोपीबाईला माणसाचं तोंड नंतर दिसायचं, आधी डोकं. नवऱ्याला पहिल्यांदा भेटून आली तेव्हा तिने आईला सांगितलं होतं, "चांगला आहे. केस विरळ आहेत." आईला वाटलं, पोरगी नावं ठेवतेय. खरं तर तिच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघणं शक्यच नव्हतं.

कारण विरळ केसांतून मेंदूची वीज नीट पकडता येते, आणि टोपीबाईचा जन्म त्या विजेमागे धावण्यात चालला होता. माणसाच्या डोक्याला रबरी टोपी घालायची, टोपीला बटणाएवढ्या चकत्या, प्रत्येक चकतीखाली चिकट जेल. माणसाने मनात म्हणायचं, हात उचलतो, आणि टेबलावर बसवलेल्या यंत्राच्या हाताने ते ऐकून उचलायचं. सांगायला सोपं आहे. काम झालं की ते जेल धुवावं लागे, म्हणून तिच्या प्रयोगशाळेत उपकरणांपेक्षा शांपूच्या बाटल्या जास्त दिसत. बेसिन आणि ड्रायर दारातूनच दिसत असल्यामुळे एकदा एक बाई सरळ आत आल्या आणि खुर्चीत बसून म्हणाल्या, "नुसते शेंडे कापा." टोपीबाईने त्यांना सगळं समजावलं, त्यांच्या डोक्याची वीज मोजली आणि केस धुऊन परत पाठवलं. शेंडे तेवढे राहिले.

या सगळ्यात तिचे सख्खे मामा कसे आले, ते सांगतो. मामा नळवाले. आयुष्यभर लोकांची गळती थांबवली आणि एक दिवस टाकी बघायला शिडीवर चढले ते मानेवर पडले. पाय सावरले, जीभ तर शाबूतच होती, पण दोन्ही हात लुळे पडले. तेव्हापासून मामी त्यांना भरवायची. भरवण्याबद्दल मामांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती सोबतच्या बोलण्याबद्दल. एक घास, एक टोमणा, असं ते जेवण असायचं, आणि तोंड भरलेलं असल्यामुळे मामांना उत्तर देता यायचं नाही.

"पोरी," मामा भाचीला म्हणाले, "मला बाकी काही नको. माझा कप मी उचलला पाहिजे. मग ही काय बोलते ते बघतो."

टोपीबाईने शब्द दिला. लहानपणी तिच्या सायकलला पाण्याच्या पाइपाचं हँडल बसवून देणारा हा माणूस. त्याला शब्द द्यायला तिने विचार केला नाही.

आणि नवल म्हणजे मामा पहिल्या आठवड्यातच पास झाले. यंत्राच्या हाताला तिने एकच काम शिकवलं होतं: समोरच्या खुणेवर ठेवलेली वस्तू धरायची, मामांच्या तोंडाशी न्यायची, परत ठेवायची. इशाऱ्याची घंटी 'पिंक' वाजली की मामा डोळे बारीक करत आणि हात असा झपकन उठे, की जणू मेंदूत स्प्रिंग बसवलीय. थोरले सर, म्हणजे टोपीबाईचे साहेब, इतके खूश झाले की त्यांनी बाहेरच्या पाहुण्यांना प्रात्यक्षिकाचं आमंत्रणच देऊन टाकलं.

मग तो बिस्किटाचा दिवस उजाडला. टोपी डोक्यावर तशीच होती, मामी शेजारी बसून मामांना कडक बिस्किट भरवत होती. मामांनी चावलं. टेबलावरचा हात उठला. मामांनी पुन्हा चावलं, पुन्हा उठला. कर्रम, वर. कर्रम, वर. कपातलं पाणी मामीच्या साडीवर, थोरल्या सरांच्या चष्म्यावर आणि छताच्या खालच्या अंगाला.

"त्यालाही भूक लागलेली दिसते," मामा कौतुकाने म्हणाले.

सगळे हसले. टोपीबाई मात्र पडद्यावरच्या रेघा बघायला धावली. मेंदूची वीज म्हणजे कुजबुज, आणि जबड्याचा स्नायू म्हणजे लग्नातला भोंगा. जबडा आवळला की टोपीला दुसरं काही ऐकूच येत नाही. ही गोष्ट तिच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. म्हणून परक्या माणसाच्या गालावर ती दोन तारा हटकून चिकटवायची.

"मामा, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. दात आवळता का?"

"मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, माझे दात जाऊन जमाना झाला."

"आणि ही कवळी?"

"ते दात माझे कुठेत? डॉक्टरचे आहेत."

तिने तेव्हा मान डोलावली होती. दात नाहीत तर आवळणार काय, शिवाय मामांना गालाला गुदगुल्या होतात, घरचाच माणूस, कशाला त्रास द्या. घरच्या माणसाने केसाने गळा कापला म्हणावं, तर इथे तोही तिने स्वतःच कापून घेतला होता. तिने कवळी काढून वाटीत ठेवली. पिंक वाजली. मामांनी डोळे बारीक केले, कपाळावर शिरा आणल्या. हात मेल्यासारखा पडून राहिला. मामांचा चेहरा असा उतरला की तिला बघवेना.

थोरले सर तिला कोपऱ्यात घेऊन गेले. "राहू दे ना दात. हात हलतोय, हे महत्त्वाचं."

"सर, घास चावला की चहा अंगावर. ते जेवणार कसे? आणि मी त्यांना डोक्याने उचलाल म्हणून सांगितलंय."

सरांनी सुस्कारा सोडला आणि चष्मा पुसला.

मग पुढचे कित्येक आठवडे मामा बिनदाताचे बसू लागले. गालावर तारा आल्या. आता जबडा जरा आवळला की यंत्र स्वतःच गप्प होई. दात नसल्यामुळे मामांचं बोलणं म्हणजे नुसती फुसफुस, आणि मामीला रान मोकळं मिळालं. हात कधी बोटभर हले, कधी तोही नाही. मामा घरी जाताना भाचीकडे बघायचेसुद्धा नाहीत. टोपीबाई रोज केस धुऊन द्यायची आणि ड्रायरच्या आवाजात थोडं रडून घ्यायची.

पाहुण्यांचा दिवस आला. पिंक वाजली, काही नाही. पुन्हा वाजली, काही नाही. पाहुणे घड्याळाकडे बघू लागले. तेवढ्यात मामीने सवयीने टेबल आवरलं, कप बाजूला सारला, कवळीची वाटी नेमकी खुणेवर ठेवली, आणि पाहुणे कंटाळू नयेत म्हणून गोष्ट सुरू केली.

"हे एवढे मोठे नळवाले. पण आमचं घर बांधलं तेव्हा यांनी काय केलं माहितेय? गरम पाण्याचा पाइप जोडला संडासाच्या टाकीला. घरभर वाफ. पाहुणे आत गेले की किंचाळत बाहेर."

मामा फुसफुसले. कुणाला कळलं नाही.

"नाही म्हणतायत," मामी म्हणाली. "पण यांनीच जोडला."

मामांच्या डोळ्यांत असं काही आलं, जे टोपीबाईने एवढ्या आठवड्यांत पाहिलं नव्हतं. तिने पडद्याकडे बघितलं. गालाच्या तारा सपाट. जबडा सैल. आणि डोक्यावरच्या चकत्यांमधून, जिथून यायला हवी तिथूनच, स्वच्छ लाट येत होती.

यंत्राचा हात उठला. घाईत नाही, झपकन नाही. वाटीपर्यंत गेला, रबरी बोटांनी कवळी धरली आणि मामांच्या तोंडाशी आणली. मामांनी जबडा उघडला, दात आत घेतले, एकदा दाबून बसवले, आणि पाहुण्यांकडे वळून स्पष्ट शब्दांत म्हणाले,

"तो पाइप हिच्या भावाने जोडला होता."

थोरल्या सरांनी चष्मा काढला. टोपीबाई रडत होती आणि हसतही होती, आणि या वेळी ड्रायर चालू नव्हता.

मामीने त्या हाताकडे बघितलं. मग पदराने डोळे टिपले, वाटी उचलली आणि त्या जागी चहाचा कप ठेवला.

"भावानेच जोडला होता," ती म्हणाली. "घ्या आता. मी नाही भरवणार."