दिवाळीत दाखवलेलं पाणी

दिवाळीची सुट्टी होती. मेढ्याच्या पुढं घाट लागला आणि मित्राच्या फटफटीनं दर वळणावर मला खाली उतरवलं. तो वर जाऊन थांबायचा. मी धापा टाकत पोचलो की म्हणायचा, "बस रं गड्या, आलंच." असं 'आलंच' मी त्या दिवशी नऊ-दहा वेळा ऐकलं.

आम्ही दोघंही प्राथमिक शिक्षक. त्याची शाळा डोंगरमाथ्यावरच्या जुन्या खाणकऱ्यांच्या वस्तीत, माझी वडूजकडच्या कोरड्या माळावर. दोघांनी आपसात बदली करून घेऊ, असं त्यानंच सुचवलं होतं. मला एकच हवं होतं, दाराशी पाणी. दोनदा बायकोचा गर्भ पडला होता. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि घागर उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमची विहीर अर्ध्या कोसावर होती.

वस्ती पाहून मी हरखलो. पूर्वी इथले लोक पठारावर लोखंडाचा दगड खणायचे आणि कोळशाच्या भट्टीत वितळवायचे. भट्ट्या विझून किती पिढ्या झाल्या कोण जाणे, पण वाटेत जळके काळे गोळे अजून पायाला टोचत होते. आणि जुन्या खाणीचे खड्डे पाण्यानं तुडुंब, शाळेपासून वीस पावलांवर! "पान्याचं तर बघूच नगंस," मित्र म्हणाला. मी दुष्काळी मुलखातला माणूस. ओंजळीनं पाणी प्यालो आणि दुसरं काही बघितलंच नाही. त्याच्या बायकोनं चहा दिला, पण मान वर केली नाही. मला वाटलं, लाजली असेल.

पौषात बदलीचा हुकूम आला. सामान लावताना खोलीत खुंटीवर तीन चुंबळी दिसल्या, चिंध्यांच्या, डोक्यावरच्या घागरीखाली झिजून चपट्या झालेल्या. मित्राची बायको विसरली असणार. माझी बायको त्यांच्याकडं बघत म्हणाली, "आवं, पानी दारात हाय, मग ह्या येवढ्या झिजल्या कशा?" मी हसलो. तुला भारी शंका, असंही बोललो. त्याची आजही लाज वाटते.

फाल्गुनात खड्ड्यांत नुसता चिखल उरला. वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं मला दरीतला झरा दाखवला. उतरायला अर्धा तास, चढायला एक तास.

"दर साली असंच, मास्तर. तुमच्या दोस्तानं सांगितलं न्हाई व्हय? त्यो तर आमाला म्हनला, पान्याचं मीच सांगतो, तुमी बोलू नगा."

मी तिथंच खडकावर बसलो. एका ताटात जेवलेला माणूस! दुसऱ्यांदा गर्भ पडला तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर माझ्या शेजारी बसून रडला होता. त्याला सगळं ठाऊक होतं.

पाऊस लागेपर्यंत घागर मीच वाहिली. डोक्यावर चुंबळ ठेवून निघालेला मास्तर बघून बाया तोंडाला पदर लावायच्या.

आषाढात मुलीचं बारसं झालं. मित्र फटफटीवरून चिखल तुडवत आला. खड्डे पुन्हा भरले होते. त्यांच्याकडं बोट दाखवत हसला. "सांगितलं नव्हतं? पानीच पानी!"

बायको उठली, खुंटीवरच्या तिन्ही चुंबळी काढल्या आणि त्याच्या हातात दिल्या.

"भावजी, वैनींच्या ऱ्हायल्या हुत्या हितं. घिऊन जावा. एक जरा जादा झिजलीया, ती ह्यांनी वापरली."