दारातल्या बाई

बार्शीटाकळीत त्वचेच्या कर्करोगाच्या तपासणी शिबिराला मी डॉक्टर म्हणून जाते, पण शिबिर चालतं ते बाईंच्या आवाजावर, आणि हे मी अकोल्यात सगळ्यांना अभिमानानं सांगते. बाई निवृत्त पीटी शिक्षिका. "मोजे काढा, लाज घरी ठेवा," असं त्या दारातच दरडावतात. निम्म्या गावाला त्यांनी शाळेच्या मैदानावर पळवलेलं, त्यामुळे सगळे मुकाट ऐकतात.

एकदा त्यांचे जुने हेडमास्तर आले. त्यांनी हात दाखवले, मान दाखवली, पण बूट काढेनात. बाई सरळ खाली बसल्या आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडू लागल्या.

"बाई, काहून पाय धरून राहिल्या माहे?" सर कावरेबावरे झाले.

"धरून नाई राहिले सर, पाहून राहिले."

टाचेवर काळा डाग होता. बूट चावला असेल, असं सरांना वाटत होतं. मला तो डाग बरा दिसला नाही. अकोल्याच्या तपासणीत कर्करोगच निघाला, पण वेळेत. ऑपरेशन झालं आणि सर पुन्हा चालू लागले.

मी हे सांगायला गेले तेव्हा बाईंनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "आता माह्या माहेरी, चांदूर बाजारले, शिबिर कवा घ्याचं?"