शुक्रवारची जिनेट

बहीण गेल्यावर ओडेटनं आपल्या पार्लरमधले दोन आरसे उतरवले आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिले. गिऱ्हाइकासमोरचा तेवढा ठेवला, पण काम करताना ती त्यात वर बघायची नाही.

ओडेट आणि जिनेट शियासाँ जुळ्या होत्या. कॅनडातल्या शेटिकँप गावाच्या किनाऱ्यावर चोपन्न वर्षं कुणी त्यांची नावं वेगवेगळी घेतली नव्हती, 'जुळ्या' म्हटलं की काम भागायचं. जिनेट मासळीच्या कारखान्यात खेकडे सोलायची आणि तिचं हसू रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. ओडेट केस कापायची. हिवाळ्यात जिनेटच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि बघता बघता सगळं आटोपलं.

"मघाशी दारात तुला बघून छातीत धस्सच झालं गं," योलांदमावशी खुर्चीत टेकता टेकता म्हणाली. "वाटलं, जिनेटच आली!"

"मलाही होतं तसं," ओडेट म्हणाली. "रोज सकाळी, दात घासताना."

मावशीला ती थट्टा वाटली. ओडेटची मात्र झोप उडाली होती. पुढे हातही थरथरायला लागला आणि एक दिवस कात्री गिऱ्हाइकाच्या कानाला लागली. मग तिनं डॉक्टरांकडे धाव घेतली. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी समुपदेशक सुचवला. गावात तर कुणी नव्हतं, तेव्हा ऑनलाइन बोलायचं ठरलं.

"म्हणजे भिंतीशी बोलायचं?"

"भिंत प्रश्न विचारत नाही," डॉक्टर म्हणाले.

बुधवारी दुपारी दुकान बंद करून तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर नदीन आली. मंक्टन शहरातली, केस पिकलेली, गळ्यात चष्मा लटकलेला. आणि कोपऱ्यातल्या चौकोनात ओडेटचा स्वतःचा चेहरा आला. तिनं खाडकन लॅपटॉप मिटला.

जरा वेळानं फोन वाजला. "ओडेट? काय झालं?"

"ती तिथं आहे."

"कोण?"

ओडेटला ते तोंडानं सांगवेना. नदीनला कळलं असावं. तो चौकोन कसा लपवायचा ते तिनं फोनवरच समजावलं. "आता फक्त मी दिसेन. फार तर काय, कंटाळाल."

आठवडे गेले तशी ओडेट मोकळी होत गेली, आणि एकदा तिनं शुक्रवारचं सांगून टाकलं.

त्यांची आई एमिलियन वृद्धाश्रमात होती. तिला स्मृतिभ्रंश झाला होता. जिनेटच्या अंत्यविधीला तिला नेलं होतं, पण ते तिच्या ध्यानातून गेलं. ती विचारायची, "जिनेट कुठाय?" सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. एकदा वारा बोचरा होता म्हणून ओडेट जिनेटचं लाल जाकीट घालून गेली. "जिनेट! आलीस गं बाई!" म्हणत आईचा चेहरा असा उजळला की ओडेटच्यानं खरं सांगवलं नाही. तेव्हापासून मंगळवारी ओडेट जायची आणि शुक्रवारी जिनेट, लाल जाकिटात, मोठ्यानं हसत.

"शुक्रवारी आई ओडेटबद्दल काही बोलते का?" नदीननं विचारलं.

"बोलते ना. म्हणते, ओडेट येते पण अंगातला कोट काढत नाही. सारखी घड्याळाकडे बघते. माझ्यावर चिडलीय का गं ती?"

"मग तुम्ही काय म्हणता?"

"जिनेट म्हणाली असती तेच. 'सोड गं आई, ती आहेच तशी.'"

"आणि ओडेटची बाजू कुणी घेत नाही?"

 ओडेटला हुंदके आवरेनात. जिनेटसाठी ती सगळ्या गावादेखत रडली होती. हे रडणं वेगळं होतं.

खरं काय ते आईला पुन्हा पुन्हा सांगायची गरज नाही, असं नदीनचं मत होतं. खोटंही नको. आईला जे वाटतंय त्याला उत्तर द्यावं.

पुढच्या शुक्रवारी ओडेट स्वतःच्या तपकिरी कोटात गेली. आत शिरताच तिनं तो काढून खुंटीला लावला, आईच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि कंगवा घेतला.

"जिनेट?"

"नाही आई, ओडेट."

"आज तुझा वार नाही."

ओडेटचा हात थबकला. इतकं विसरणाऱ्या आईला वार मात्र लक्षात होते! "आजपासून दोन्ही माझेच," ती म्हणाली.

"मग जिनेट?"

"तुला तिची आठवण येते ना? मलाही येते गं. फार येते."

 "फार आरडाओरडा करायची ती," आई म्हणाली. आणि मग, "मागनं जरा आखूड काप. मानेला टोचतात."

असं नेहमीच निभावलं नाही. पुढच्याच खेपेला आई जिनेटसाठी हट्टाला पेटली आणि ओडेटला तिचा हात धरून बसून राहावं लागलं. पण कात्री धरताना ओडेटचा हात आता थरथरत नव्हता. जाकीट तिनं कारखान्यातल्या जिनेटच्या मैत्रिणीला देऊन टाकलं.

नदीनशी बोलणं चालूच राहिलं. "तुम्हाला स्वतःला काय आवडतं?" असं तिनं विचारलं, तेव्हा ओडेटनं उत्तराला मुदत मागून घेतली. उन्हाळ्यात चर्चच्या सभागृहात नाच होता. व्हायोलिनवर नाचाची धून सुरू झाली तसा चुलतभाऊ लुसियँ तिला ओढायला आला.

"चल की, जुळे!"

"ओडेट म्हण. आणि मला नाच आवडत नाही."

"काय सांगतेस! जन्मभर नाचलीस की!"

"जिनेट ओढायची म्हणून. लुसियँ, मला नाच कधीच आवडला नाही रे."

आणि ती गोड पदार्थांच्या टेबलाशी जाऊन बसली. संगीत मात्र तिला आवडत होतं. शेवटपर्यंत ऐकूनच ती घरी गेली.