दीडशहाण्यांची अर्धी ओळ

प्रसेनजीत बनगेला बोलताना थांबवणं त्याच्या आईलासुद्धा कधी जमलं नाही. तो कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता. मशीनमधून कागद बाहेर येईपर्यंत हा पठ्ठ्या समोरच्या गिऱ्हाईकाच्या टोपीवर, छत्रीवर, नाहीतर पोटावर दोन ओळी जुळवून मोकळा व्हायचा. कुणी हसायचं, कुणी तोंड वाकडं करून निघून जायचं. मालक म्हणायचा, "तुझं तोंड तुला एक दिवस गोत्यात आणणार बघ." मालकाचे सगळे अंदाज चुकत, तेवढा हा बरोबर आला.

शेजारी कॅसेटचं दुकान होतं. तिथं रुद्रय्या स्वामी बसायचा. प्रसेनजीतपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, अंगानं आडवा आणि बोलायला कंजूष. रोज सकाळी जयसिंगपूरहून रेल्वेनं यायचा. घर जंगमाचं. वडील घरोघरी पूजेला जात आणि पोरानंही तेच पुढं चालवावं अशी त्यांची इच्छा होती. पोराला नाद लागला हलगीचा. उलट प्रसेनजीतच्या आजोबांनी धर्मांतराच्या वेळी गावकीच्या कामाबरोबर हलगीही कायमची टाकली होती. "टाकली ती टाकली. तिचा आवाज ह्या घरात नको," असं वडील सांगत आणि प्रसेनजीतला ते मनापासून पटलेलं होतं. तर ज्याच्या घरी हलगी होती त्यानं ती सोडलेली, आणि ज्याच्या घरी कधीच नव्हती तो ती काखेत मारून हिंडतोय, अशी गंमत. एवढ्या विषयावर कोल्हापुरात माणसं दोन चहा सहज संपवतात.

एक दिवस दुकानात परदेशी रॅपची कॅसेट आली. इंग्रजी दोघांनाही कळत नव्हतं, पण हा माणूस कुणाशीतरी कचाकचा भांडतोय आणि तेही तालात, एवढं कळलं.

"आण्णा, हे आपल्याला येतंय की," प्रसेनजीत म्हणाला. रुद्रय्याला तो कानडी वळणानं रुद्राण्णा म्हणायचा, आणि रुद्रय्या त्याला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ.

"भांडान तर आपल्याला जन्मल्यापास्नं येतंय," रुद्राण्णा म्हणाला, आणि त्यानं काउंटरवर ताल धरला.

तिथून 'दीडशहाणे' ही जोडी निघाली. त्यांची गाण्याची रीत मोठी न्यारी होती. हलगी बडवता बडवता रुद्राण्णाच्या दमात अख्खी ओळ बसेना. म्हणून प्रत्येक ओळ मधोमध तोडायची. पहिला तुकडा प्रसेनजीतचा, दुसरा रुद्राण्णाचा. हा थांबला रे थांबला की तो उचलणार. सराव इतका झाला की चहाच्या गाडीवरही प्रसेनजीत "मालक, दोन कट..." म्हणून थांबायचा आणि रुद्राण्णा "...साखर कमी" म्हणायचा.

गणपतीत, जयंतीला, कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांना बोलावणी येऊ लागली. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांनी पहिली कॅसेट काढली. त्या साली अर्ध्या शहराचे नळ कोरडे होते, म्हणून मुख्य गाणं पाण्याचंच होतं. त्यातली एक ओळ पोरासोरांच्या तोंडी बसली. प्रसेनजीत म्हणायचा, "नळाला आमच्या नुसता वारा," आणि रुद्राण्णा म्हणायचा, "साहेबांच्या कुत्र्याला आंघोळी बारा."

साहेब कोण, हे गाण्यात कुठंच नव्हतं. पण टँकरचा ठेका घेणारे गणपतराव म्हणून एक वजनदार पुढारी होते आणि त्यांच्याकडं एक गुबगुबीत पांढरा कुत्रा होता. आता गणपतराव गप्प बसले असते तर उन्हाळ्याबरोबर गाणंही विरून गेलं असतं. पण त्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली, म्हणजे गाण्यातल्या साहेबाची टोपी आपल्याच हातानं डोक्यावर चढवली. हसं व्हायचं ते झालंच, पण या दोघांचं हसू फार दिवस टिकलं नाही. वशिला लागला, तशा दुकानातल्या कॅसेटी जप्त झाल्या. कार्यक्रमाची परवानगी मागायला गेलं की ती ओळ वगळण्याची अट पडायची. मग त्या जागी प्रसेनजीत आपला तुकडा म्हणायचा आणि रुद्राण्णा तोंड मिटून हलगीवर दोन ठोके द्यायचा. नाइलाज होता. गाणं पूर्ण बंद होण्यापेक्षा मुकं परवडलं, असं दोघांनी मनाला समजावलं.

तारखांवर तारखा पडत गेल्या. त्यातच प्रसेनजीतचं लग्न झालं, आणि वर्षभरानं त्याची एसटीत कंडक्टर म्हणून निवड झाली. बायको अंजना शिवणकाम करून घर ओढत होती, तिनं आनंदानं आळीभर पेढे वाटले. मग कळलं की चारित्र्याचा दाखला लागतो, आणि अंगावर फौजदारी खटला असताना तो मिळणं कठीण.

त्यांचे वकील बाबासो चौगुले माणूस भला आणि डोक्यानं तल्लख. त्यांनी कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकली आणि एक वाट काढली. "प्रसेनजीत, तू फक्त पहिला तुकडा म्हटलायस. नळाला वारा येतो म्हणण्यात कुणाची अब्रू जात न्हाय. खटल्यातनं तुझं नाव काढायचा अर्ज देऊ. गणपतरावांचा राग कुत्र्यावरच्या तुकड्यावर हाय, ते आडवं येणार न्हाईत."

"आणि आण्णा?"

"त्याचं पुढं बघू."

प्रसेनजीतनं सही न करता ते रुद्राण्णाच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी रुद्राण्णाच म्हणाला, "दे अर्ज, तम्मा. मी दुकानात बसून खाणार, मला कोण दाखला मागतंय? तुझ्या घरात आता बारसं यायला लागलंय." तो एवढं सलग बोलला म्हणजे रात्रभर ठरवून आला होता. प्रसेनजीतनं सही केली. सही करताना त्याला स्वतःची लाज वाटली, आणि सुटकाही वाटली. दोन्ही खरं होतं.

सुनावणीला अंजना मागच्या बाकावर बसली होती. पोट आता दिसू लागलं होतं. न्यायाधीश बाई होत्या, शांत आवाजाच्या. त्यांनी प्रसेनजीतला विचारलं, "गाण्यात तुम्ही नेमके कोणते शब्द म्हणता? तेवढेच सांगा."

प्रसेनजीतनं घसा साफ केला. नुसतं बोलायचं होतं, पण त्या ओळीला ताल सोडून तो कधी बोललाच नव्हता.

"नळाला आमच्या नुसता वारा..." आणि तो थांबला.

तो थांबला, आणि शेजारून खणखणीत आवाज आला, "साहेबांच्या कुत्र्याला आंघोळी बारा."

कोर्टात खसखस पिकली. मग पट्टेवाल्यालाही हसू आवरेना. बाबासो वकिलांनी कपाळाला हात लावला. रुद्राण्णानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. इतक्या कार्यक्रमांत तो तुकडा त्यानं गिळला होता, पण तिथं हातात हलगी होती. रिकाम्या हातानं ती जागा त्याला मोकळी सोडता आली नाही, आणि जुनी सवय नको तिथं उसळून वर आली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आपण मित्राच्या पोटावर पाय दिला हे त्याला लगेच कळलं होतं.

न्यायाधीश बाईंनाही कळलं असावं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या आरोपीनं मधे बोलू नये. ते मी नोंदवत नाही. प्रसेनजीत बनगे, दुसरा तुकडा तुमचा नाही, असं तुमचं म्हणणं आहे ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. वकील मान हलवून खुणावत होते, रुद्राण्णा डोळ्यांनी विनवत होता. प्रसेनजीतनं मागच्या बाकाकडं पाहिलं. अंजना खाली पदराच्या टोकाकडं बघत होती.

"न्हाय, बाईसाहेब," तो म्हणाला. "आम्ही दोघांनी बसून केलीया ती ओळ. ह्यो दमतोय म्हणून मधी तोडली. अर्धी कुणाची न्हाय. सगळी माझी हाय आन् सगळी त्याची हाय."

अर्ज तिथंच निकालात निघाला. दाखला मिळाला नाही, नोकरी दुसऱ्याला गेली, आणि प्रसेनजीत पुढं भाड्याची रिक्षा चालवू लागला. अंजना दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "नोकरी गेली त्याचं मला लई वाईट वाटतंय, ते मी झाकून ठेवणार न्हाय. पण त्या आण्णाला तिथं एकट्याला सोडून आला असता, तर तुमच्यासमोर ताट ठेवताना माझा हात जड झाला असता." प्रसेनजीतनं ताट पुढं ओढलं. तिला दोन्ही गोष्टी वाटत होत्या, आणि त्यातली एकही त्याला खोडता येत नव्हती.

दोन हजार पाचला निकाल लागला. गाण्यात कुणाचं नाव नाही, साहेब कुणीही असू शकतो आणि कुत्राही, म्हणून दोघं निर्दोष. एका वाक्यात मिटण्यासारखी गोष्ट होती, तिला सात वर्षं लागली. प्रसेनजीतला आनंद व्हायच्या आधी भयंकर राग आला, आणि तो येणं रास्तच होतं. कॅसेटी परत मिळाल्या त्या बुरशी धरलेल्या. गणपतरावांचा कुत्रा केव्हाच म्हातारा होऊन मेला होता.

शिवाजी पेठेतल्या एका मंडळानं दीडशहाण्यांचा कार्यक्रम ठेवला. आता कसली अट नव्हती, शब्द अडवणारं कुणी नव्हतं. चौक गच्च भरला. अंजना पोरीला मांडीवर घेऊन बायकांत बसली होती. पाण्याचं गाणं सुरू झालं, रंगात आलं, आणि प्रसेनजीत हात उंचावून म्हणाला, "नळाला आमच्या नुसता वारा..."

रुद्राण्णानं हलगीवर दोन ठोके दिले. पुढं बसलेल्या पोरांनी त्या ठोक्यांवर बरोबर दोन टाळ्या वाजवल्या, आणि गाणं पुढं सरकलंसुद्धा.

प्रसेनजीत पुढची ओळ म्हणायचा थांबला. ही पोरं खटला सुरू झाला तेव्हा बालवाडीत होती. त्यांच्या लेखी हे गाणं असंच होतं, मधे दोन टाळ्यांचं. आणि रुद्राण्णाला आपण काही गाळलं याचा पत्ताही नव्हता. सात वर्षं गिळलेला तुकडा आता आपोआप गिळला जात होता. गणपतराव खटला हरले होते, तरी ओळ अजून त्यांच्याच ताब्यात होती.

त्यानं हात करून हलगी थांबवली. "आण्णा, माझं झालं. तुझं ऱ्हायलंय."

रुद्राण्णा गोंधळून त्याच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि चेहरा उतरला. त्यानं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"येईना झालंय रे, तम्मा," तो हळूच म्हणाला. पण माईक चालू होता, सगळ्या चौकाला ऐकू गेलं.

प्रसेनजीत स्टेजवर त्याच्याशेजारी मांडी घालून बसला. "येऊ दे सावकाश. मी थांबतो. मला कुठं डेपोत ड्यूटीवर जायाचंय?"

लोक हसले. अंजना हसली नाही, पण तिनं मान वर करून त्या दोघांकडं पाहिलं. प्रसेनजीतनं पुन्हा आपला तुकडा म्हटला, या वेळी अगदी हळू, शिकवल्यासारखा, आणि थांबला.

रुद्राण्णानं हलगी खाली ठेवली. घोगऱ्या आवाजात, ताल नसताना, तो म्हणाला, "साहेबांच्या कुत्र्याला आंघोळी बारा."

पुढं बसलेल्या पोरांनी ती ओळ पूर्ण अशी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.