गावाची खोली आणि राज्याचं विद्यापीठ

घोडपदेवच्या गंगुबाईसमोर विद्यापीठाचं नाव काढायची सोय नव्हती. काढलंच, तर हातातलं पातेलं ओट्यावर असं आपटायची की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे.

त्याला कारणही तसंच. गिरण्यांच्या काळात तिची खाणावळ, आणि भिंतीला भिंत लावून गावाची खोली. कोकणातल्या तिच्याच गावाने वर्गणी काढून ती घेतलेली. गावचा पुरुष गिरणीत लागला की ट्रंक-वळकटी घेऊन तिथं पडायचा आणि जेवायला गंगुबाईकडे यायचा. काय जेवायचे म्हणता. सोलकढी वाटीने नाही, तांब्याने लागायची. पुढे गिरण्या गेल्या, जेवणारे गेले आणि आले ते विद्यापीठवाले.

दरवर्षी कोणीतरी उगवायचंच. खोलीपासून मोरीपर्यंत सगळं मोजायचं, मोबाइल पुढे धरायचा आणि विचारायचं, "आजी, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा ना." पहिल्या-पहिल्यांना तिने खरं सांगितलं, वर बांगड्याचं तिखलं खाऊ घातलं. त्यांतलं परत कोणी फिरकलं नाही. मग मात्र ती थापा मारायला लागली. एकाला म्हणाली, नवरा पैलवान होता. दुसरीला म्हणाली, संपात तुरुंगात गेला. तो बिचारा गिरणीत कापडाचे साचे चालवायचा आणि रविवारी पत्ते कुटायचा. आता कुठल्या तरी कपाटात गंगुबाईचे तीन नवरे जाड पुठ्ठ्यात बांधून ठेवलेले असतील.

अशा बाईच्या दारात यंदा अक्षदा आली. दिराची नात. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. झालेली, आणि एम.ए.ला प्रवेश नेमका त्याच विद्यापीठात.

"दुसरीकडे जागा नव्हती मरायला?" गंगुबाईने स्वागत केलं.

"आजी, आमच्या कॉलेजच्या पेपरवरही त्यांचाच शिक्का असतो. आम्हाला शिकवणारे सगळे तिथेच शिकले. जायचं कुठे?"

"शिकून काय करणार? लोकांच्या मोऱ्या मोजणार?"

"तुमची सोडून सगळ्यांच्या मोजीन."

गंगुबाईला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही.

अडचण राहायची होती. विद्यापीठाने प्रवेश दिला, पण वसतिगृहात जागा दिली नाही. गंगुबाईच्या खोलीत मुलगा हितेंद्र, सून, दोन वाढते नातू. अक्षदा ओट्याखाली पाय दुमडून झोपायची. बापाने बजावलं होतं, महिनाअखेर सोय झाली नाही तर परत ये, काजूच्या कारखान्यात सांगून ठेवलंय.

आणि शेजारची गावाची खोली रिकामी. आत फक्त जुन्या ट्रंका, भिंतीवर देव रवळनाथाची तसबीर, आणि दाराला कुलूप. चावी कारभारी नानांकडे. नाना स्वतः नायगावच्या बीडीडी चाळीतून नव्या टॉवरमध्ये गेलेले, लिफ्टने वर-खाली करणारे. पण चावी कमरेलाच.

गंगुबाईने विचारलं तर म्हणाले, "वयनी, ती पुरुषांची खोली. बाईमाणूस तिथं कधी राहिलेलं नाही."

"आता पुरुष तरी खय रवतत? झुरळां रवतत."

"झुरळं हक्क सांगत नाहीत. उद्या बिल्डर आला आणि पोरीने ताबा सांगितला तर? आणि विद्यापीठ राज्याचं आहे ना? मग राज्याने झोपवावं तिला. गावाने का?"

"विद्यापीठाक शिव्या घालूचो मान माझो. तुमी नका घालू."

दोघांचं बोलणं तिथेच बंद झालं. समोरासमोर आले की गंगुबाई जिन्यात थुंकायच्या बेताने घसा खाकरायची आणि नाना छत्री उघडायचे.

मग खोलीची वार्षिक बैठक आली. गावचे लोक लालबाग-परळहून, विरार-डोंबिवलीहून जमले. नैवेद्य गंगुबाईचा. तो दारातून द्यायचा, आत यायचं नाही, ही इतक्या वर्षांची रीत. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, मागे अक्षदा. नानांनी नारळ हातात घेतला आणि तसबिरीपुढे गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं, सुरू केलं.

आता नानांचं गाऱ्हाणं म्हणजे काय वर्णावं. एकदा आवाज लागला की देवालाही मध्ये बोलता यायचं नाही. त्यात अक्षदा गावातली एम.ए.ला गेलेली पहिली मुलगी, आणि ऐकायला डोंबिवलीची नवी मंडळी. नानांना चेव चढला.

"बा देवा म्हाराजा, ह्या गावचा लेकरू शिकाक मुंबयक इला आसा. विद्यापीठान तेका भायर ठेवला. त्या लोकांका सुबुद्धी दी. आणि तोपर्यंत तूच ह्या लेकराक आपल्या घरात आसरो दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळी खोली एका सुरात म्हणाली.

नारळ फुटला. गंगुबाईने नैवेद्याचं ताट अक्षदाच्या हातात दिलं आणि तिला उंबऱ्याच्या आत ढकललं.

"वयनी, हे काय?"

"देवाचा घर मुंबयत खय आसा, नानानू? माका तर हीच एक भिंत ठावक. तुमीच मागितलास, सगळ्यांनी व्हय म्हटलानी. आता पोरीक भायर काढा आणि देवाक सांगा, चुकून बोललंय."

सगळे नानांकडे बघायला लागले. देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं परत घ्यायची रीत त्यांच्या गावात नाही. जमलेल्यांत रामू नावाचा एक वॉचमन होता, तो हळूच म्हणाला, "नानानू, फुटलेलो नारळ जोडूक येणा नाय."

नानांचा चेहरा कोकमासारखा झाला. "तू फसवलंस, वयनी."

"गाऱ्हाण्यात मी तोंड उघडलंय?"

"बरं. पण एकटी पोर इथं झोपणार नाही. तू झोपायचं तिच्यासोबत. ट्रंकांना हात लावायचा नाही. आणि चावी तुझ्या हातात मी देणार नाही."

त्यांनी कमरेची चावी सोडली, अक्षदाच्या ताटात प्रसादाच्या बाजूला टाकली आणि चपला शोधायला लागले. जाता जाता वळले.

"वसतिगृह मिळालं की त्या दिवशी बाहेर."

"मिळू दे तर खरा," गंगुबाई म्हणाली. "एवढ्या मोठ्या राज्याचा विद्यापीठ, तेका आमची एक पोर दिसाक किती वर्सां लागतत, बघूया."

नाना निघून गेले. गंगुबाईने पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत पाय टाकला. चारी भिंतींवरून नजर फिरवली.

"काय घाण करून ठेवलीनी पुरुषांनी," ती म्हणाली. "अक्षदा, केरसुणी आण गो."