म्हातारचळ म्हणायचं नाही

स्पंजबाई एसटीत चढल्या की पुढच्या दोन बाकांवरची माणसं उठून मागे जात. रत्नागिरीहून सांगलीला परतताना त्यांच्या मांडीवर पत्र्याचा डबा असे, आणि डब्याला असा वास की विचारू नका. "बाई, मासळी टपावर टाका," असं कंडक्टर म्हणाला, की त्या शांतपणे सांगत, "मासळी नाही, स्पंज आहे. जिवंत प्राणी. हवं तर त्याचं अर्धं तिकीट फाडा." स्पंजबाई हे नाव मीच ठेवलं होतं, आणि कॉलेजभर पसरवलंही मीच.

आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवीत, मी प्राणिशास्त्र. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी. राग आला की मात्र तासगावकडचं गाव जिभेवर येई. राग एका शब्दाचा फार. त्यांचे वडील, आबा, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, त्यांच्याकडेच राहत. जेवून हात धुतले की विचारत, "जेवान कवा हाय?" गल्ली म्हणे, म्हातारचळ लागलाय. एकदा स्टाफरूममध्ये मीही बोलून गेलो, "चालायचंच, साठी बुद्धी नाठी." बाईंनी कप बशीत आपटला. "चळ म्हंजी काय वो? ताप आला तर तापचळ म्हंता का? आजार हाय त्यो!" आज त्या आजाराला अल्झायमर म्हणतात हे कुणीही सांगेल. सत्तरच्या दशकात आमच्या स्टाफरूममध्ये ते नाव कुणी ऐकलंही नव्हतं.

प्रायश्चित्त म्हणा, मी त्यांना बेडूक पुरवू लागलो. अशा रोग्यांच्या मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन कमी पडतं, असं त्यांनी परदेशी नियतकालिकात वाचलं होतं; आजाराला नाव काय द्यावं यावर मात्र तिथंही एकमत नव्हतं. ते रसायन लवकर विरू न देणारं काहीतरी त्या समुद्रात शोधत होत्या. "खडकाला चिकटलेला जीव. पळता येत नाही, चावता येत नाही, तरी टिकलाय. म्हणजे अंगात काहीतरी जालीम असणारच," हा त्यांचा तर्क. प्राचार्य म्हणाले, "सांगलीला समुद्र कुठाय? हळदीवर करा काहीतरी." बाई म्हणाल्या, "हळदीला वाली पुष्कळ आहेत, सर."

स्पंज स्पिरिटमध्ये भिजवायचा, अर्क आटवायचा आणि बेडकाच्या स्नायूवर बघायचा. त्या रसायनाने स्नायू आखडतो. अर्काने रसायन टिकून राहिलं, तर स्नायूला बांधलेली काडी काजळी लावलेल्या फिरत्या ड्रमवर ओढते ती रेघ जास्त उंच चढते. दोन वर्षं ती हटून बसली. मग एका दुपारी चढली. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा चढली. बाई स्टुलावर बसून चक्क रडल्या.

बातमी कळताच बाईंचा धाकटा भाऊ गावाहून आला. आबा तोवर लेकीला "मास्तरीणबाई" म्हणू लागले होते. भाऊ म्हणाला, "आक्का, दे की दोन थेंब. तसंबी समदं हातचं चाललंयच."

खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. बाईंनी बाटली कपाटात ठेवून कुलूप घातलं. "ह्यात इख किती, मला ठावं न्हाई. आबा माजा बाप हाय, बेडूक न्हाई." भाऊ चहासुद्धा न घेता निघून गेला. मला त्या दिवशी बाईंचा मनस्वी राग आला. आज येत नाही.

अर्क तपासणीसाठी मुंबईला गेला. उत्तर यायच्या आधीच आबा गेले. शेवटचा महिनाभर त्यांनी लेकीला ओळखलं नव्हतं. गल्लीतले डॉक्टर दाखला लिहायला बसले आणि कारण म्हणून 'वार्धक्य' लिहू लागले. कोपऱ्यात बसलेल्या बाई उठल्या आणि त्यांनी कागदावर हात ठेवला.

"वार्धक्याने बाप लेकीला विसरत नाही, डॉक्टर. आजाराचं नाव लिहा."

"बाई, नाव मला माहीत नाही हो."

"मग त्येच ल्ह्या. म्हाईत न्हाई म्हनून ल्ह्या."

डॉक्टरांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "लिहा."